स्मूदनिंग उतरत आलेले कुरळे केस, त्यात फौंड्रीची धूळ – आठवड्यातनं किती वेळा धुवायचे?

सोनटक्का

नमस्कार मंडळी. प्रश्न केसांचा आहे पण जरा सविस्तर लिहिते, कारण थोडक्यात विचारलं की सगळे एकेका शाम्पूचं नाव सांगून मोकळे होतात आणि माझा गुंता तसाच राहतो.

माझे केस जन्मापासनं कुरळे, चांगली बारीक गोल वळणं पडणारे. भावाच्या लग्नाआधी स्मूदनिंग, म्हणजे पार्लरमध्ये केमिकलनं केस सरळ करतात ते, करून घेतलं त्याला आता दोन वर्षं होत आली. तेव्हा छान दिसले, खोटं कशाला बोलू, पण आता मुळाकडनं कानापर्यंत परत कुरळे आलेत आणि तिथनं खाली सगळे सरळ सपाट. जिथं कुरळं संपून सरळ सुरू होतं नेमकं तिथंच तुटायलेत. कंगव्यात जे येतात त्यातल्या बऱ्याच केसांना मुळाकडचं पांढरं टोक नसतंच, नुसते वीतभर तुकडे, त्यामुळं हे गळणं नाही तुटणं आहे एवढं कळलंय.

नोकरी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओततात तिथं, क्वालिटीला. बसते सँड लॅबमध्ये पण सॅम्पल आणायला मोल्डिंग लाईनवर सारख्या चकरा होतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मोल्डिंगच्या, म्हणजे साचे करायच्या, वाळूत बेंटोनाईट नावाची माती आणि कोळशाची पूड असते, ती इतकी बारीक की हेल्मेटच्या आत, स्कार्फच्या आत, कानात, सगळीकडं जाते. घरी येऊन डोक्यावर पाणी घेतलं की मोरीतनं काळं पाणी जातं. ते बघून शाम्पू न लावता झोपायचं म्हणजे अंगावर काटा येतो, म्हणून सध्या रोज संध्याकाळी शाम्पू. राहायला उचगावला, बोरचं पाणी, फेस लवकर होत नाही, बादलीला पांढरा थर धरतो आणि केस वाळले की हाताला खरखरीत लागतात.

आता सल्ले बघा. आई म्हणते रविवारी एकदाच शिकेकाईनं न्हायचं आणि आठवडाभर तेल लावून घट्ट वेणी घालायची. पार्लरवाली म्हणते आठवड्यातनं तीनदा आणि आमचाच शाम्पू वापरा, आणि परत एकदा मुळापासनं टोकापर्यंत स्मूदनिंग नाहीतर केराटिन ही दुसरी केस सपाट करायची ट्रीटमेंट करून घ्या म्हणजे दोन जातीचे केस दिसणार नाहीत. मोबाईलवर अमेरिकेतल्या बायकांचे व्हिडिओ बघितले, त्या म्हणतात रिलॅक्स केलेले, म्हणजे केमिकलनं सरळ केलेले, केस आठवड्यातनं एकदा, कोण म्हणतं पंधरा दिवसांनी. त्यांच्या डोक्यात फौंड्रीची काळी पूड जात नसणार ना पण.

तर मला नेमकं हे विचारायचंय की अशा अर्ध्या-अर्ध्या केसांना किती वेळा धुवायचं, तेल कधी, आणि परत स्मूदनिंग करू का कापून टाकू. कापायला मन होत नाही. महागाच्या बाटल्या झेपणार नाहीत हे पण सांगून ठेवते.

जाईजुई_कळंबा

ताई तुझं वाचून लगेच लिहायला बसलो कारण माझे आणि माझ्या पोरीचे दोघींचे केस तसलेच हायत, लई दाट कुरळे, आणि आमच्या घरात या विषयावर रोज काहीतरी चाललेलं असतं.

पहिली गोष्ट, किती वेळा धुवायचं हे डोक्याच्या कातडीवर ठरतं, केसांच्या लांबीवर न्हाई. तेलकटपणा, घाम, धूळ हे सगळं मुळाशी. सरळ केसात मुळाशी सुटलेलं तेल आपोआप खाली उतरतं, कुरळ्या केसात प्रत्येक वळणावर अडकतं आणि टोकापर्यंत पोचतच न्हाई, म्हणून आपली टोकं कायम कोरडी. आणि तुझ्या टोकांवर तर वरनं केमिकल झालंय. मग रोज शाम्पूचा फेस टोकापर्यंत चोळायचा म्हणजे जे थोडं तेल हाय तेबी काढून टाकायचं.

तुझी काळजी खरी हाय, ती पूड डोक्यात ठेवून झोपायचं न्हाई. पण ती पूड काढायला प्रत्येक वेळी शाम्पू लागतोय असं न्हाई. वाळू ती वाळूच, केस कोरडे असतील तर नुसत्या पाण्यानं बरीचशी जाते. चिकटते कधी, तर केसाला तेल असलं की. म्हणून तेल लावून वेणी घालून कामावर जायचं हे आईचं म्हणणं तुझ्या कामाला न्हाई जुळत. आईला राग न येऊ देता सांग.

मी कसं धुतो ते सांगतो, करून बघ. शॉवर घ्यायचा न्हाई, बादली आणि तांब्या. केस ओले करायच्या आधी बोटांनीच मोठा गुंता सोडवायचा आणि चार भाग करून चार ढिल्या वेण्या घालायच्या. जिथं तुझं कुरळं आणि सरळ जुळतंय तो भाग वेणीत राहतो, त्यामुळं धुताना त्याची ओढाताण होत न्हाई. मग अर्ध्या तांब्या पाण्यात एक चमचा शाम्पू ढवळायचा, ते पाणी वेण्यांच्या मधनं नुसतं कातडीवर सोडायचं आणि बोटांच्या पेरांनी चोळायचं, नखं लावायची न्हाईत. खाली उतरणारा फेस वेण्यांवरनं जातो तेवढा टोकांना बास होतो. पाणी स्वच्छ यायला लागेपर्यंत ओतत राहायचं. मग एकेक वेणी सोडायची, कानापासनं खाली भरपूर कंडिशनर लावायचा, आणि तो असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्यानं टोकाकडनं सुरू करून वरवर यायचं. कुरळे केस वाळल्यावर विंचरायचे न्हाईत, तिथंच तुटतात. सरळवाल्या बायकांना उलटं सांगतात, ओले विंचरू नका म्हणून, तो सल्ला आपल्याला न्हाई.

पुसायला पंचा घासायचा न्हाई, जुना सुती टीशर्ट घ्यायचा आणि दाबून दाबून पाणी टिपायचं.

माझ्या मते शाम्पू आठवड्यातनं दोनदा, मधले दिवस नुसतं पाणी आणि टोकांना कंडिशनर. महागाचा लागत न्हाई, किराणा दुकानातला साधा चालतोय, फक्त हात आखडता घेऊ नको.

आरसा_राजारामपुरी

मी पार्लरमध्ये काम करते त्यामुळं परत स्मूदनिंग करू का या प्रश्नावर मला बोलायलाच पाहिजे.

परत करायचं झालं तर फक्त नवीन आलेल्या केसावर, मुळाकडच्या. मुळापासनं टोकापर्यंत परत करा असं कोणी सांगत असेल तर तिथनं उठून या, मी हे माझ्या व्यवसायातल्याच लोकांबद्दल बोलतेय आणि जबाबदारीनं बोलतेय. कारण काय ते समजून घ्या. केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनतो त्यात गंधकाचे बंध असतात, त्या बंधांमुळंच केसाचं वळण टिकतं. स्मूदनिंगचं पहिलं क्रीम, बहुतेक वेळा थायोग्लायकोलेटचं, ते बंध तोडतं. मग मशीननं दाबून केस सरळ करतात आणि न्यूट्रलायझर लावून, ज्यात हायड्रोजन पेरॉक्साईड असतं, ते बंध नव्या सरळ जागी परत जोडतात. सगळेच्या सगळे बंध परत जुळत नाहीत. एकदा झालेला केस पहिल्यासारखा मजबूत राहत नाही, मग त्याच टोकांवर परत तोडाजोड केली तर केस ओला असताना रबरासारखा ताणला जातो आणि तटकन तुटतो. सोनटक्का, तू घरी बघ, एक ओला केस टोकाकडनं हळू ताणून. थोडा ताणून परत जाग्यावर आला तर जीव आहे. लांबत लांबत जाऊन तुटला तर त्याला आता कुठलंही केमिकल नको, केराटिन पण नको.

आणि हे पण खरं आहे की कुठल्याही क्रीमनं, सीरमनं, अंड्यानं, मेथीनं ती टोकं बरी होत नाहीत. केस मुळाशी जिवंत असतो, बाहेर आलेला भाग वाढत नाही आणि भरून निघत नाही. कंडिशनर त्याला गुळगुळीत ठेवतो, घासून तुटायचा कमी करतो, एवढंच त्याचं काम. ते पण कमी नाही.

कापायला मन होत नाही म्हणालीस ते मला रोज दिसतं खुर्चीत बसलेल्या मुलींच्या चेहऱ्यावर. एकदम कापायची गरज नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, थोडा जास्तच, वाढतात. तीन महिन्यांनी एकदा येऊन दोन इंच खालनं कमी केले तर लांबी फारशी कमी झाल्यासारखी वाटत नाही, वर्ष दीड वर्षात सरळ भाग बराचसा निघून जातो. तोपर्यंत दोन जातीचे केस एकसारखे दिसायला पाहिजेत तर उलटं कर, सरळ टोकांना वळण दे. कंडिशनर थोडासा ठेवून ओल्या केसांच्या पाच सहा सैल पिळवटलेल्या वेण्या घाल, पूर्ण वाळल्यावर सोड. रोज सकाळी वर स्ट्रेटनर फिरवून कुरळे सरळ करायला जाऊ नकोस, कारण इस्त्रीची कड नेमकी तुझ्या जोडावर थांबते आणि तिथंच केस कडक होतो.

किती वेळा धुवायचं याबद्दल जाईजुईताईंशी थोडी असहमत आहे. तू एमआयडीसीत असतेस, हेल्मेटखाली घाम येतो. मार्च ते मे मध्ये दोनदा कमी पडेल असं वाटतं, तीनदा शाम्पू कर, पण तो पातळ करून फक्त कातडीवर, ही त्यांची पद्धत एकदम बरोबर. बाटलीवर सल्फेट फ्री लिहिलेला मिळाला स्वस्तात तर घे, नाही मिळाला तर साधाच पातळ करून वापर. आमचाच शाम्पू घ्या हे ऐकू नकोस.

शिवाजीपेठ_काकी

बाळ, तुझ्या आईचं सगळंच चुकीचं नाही बरं का. मी साठी ओलांडलीय, केस अजून कमरेपर्यंत आहेत आणि आयुष्यभर शिकेकाईच वापरलीय, तर त्या बाजूनं चार शब्द लिहिते.

आजकाल पाकिटातली तयार शिकेकाई पावडर म्हणून जे मिळतं त्यात काय काय असतं देवाला ठाऊक. महाद्वार रोडला काष्ठौषधीच्या दुकानात शेंगा मिळतात. शेंग हातात घेऊन मोडायची, कटकन मोडली पाहिजे, आत बुरशीचा वास येता कामा नये. आमच्यात शिकेकाई, तिच्या निम्मा रिठा, आणि आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी वासापुरती. रिठ्याची बी काढून टाकायची. दोन दिवस कडक उन्हात वाळवायची आणि शिकेकाई दळून मिळेल अशी पाटी असलेल्या गिरणीतच द्यायची, पिठाच्या गिरणीत घेत नाहीत, ठसका लागतो सगळ्यांना. आणून मग वस्त्रगाळ करायची, हे लई महत्त्वाचं, कारण जाडसर भुकटी कुरळ्या केसात अडकून बसते आणि ती काढताना केस तुटतात. तुझ्यासारखीनं तर भुकटी डोक्यात घालूच नये. रात्री दोन चमचे भुकटी लोखंडाच्या नाही, स्टीलच्या भांड्यात पाण्यात भिजवायची, सकाळी एक उकळी आणून पातळ फडक्यानं गाळायची आणि फक्त ते पाणी वापरायचं. फेस कमी येतो म्हणून घाबरायचं नाही.

बोरच्या पाण्यात साबण लावला की चिकट थर बसतो केसावर, शिकेकाईनं तसा थर धरत नाही. अंगाचा साबण डोक्याला कधीही लावू नकोस. आमच्या पुतण्या पाण्याची घाई म्हणून तेच करतात आणि मग केस राठ झाले म्हणतात.

पण एवढं सांगून हे पण सांगते की शिकेकाई पण कोरडं करते. तिनं पण तेल निघतंच. तेव्हा आठवड्यातनं एकदा, आणि त्या दिवशी आदल्या रात्री नाहीतर तासभर आधी खोबरेल तेल कोमट करून टोकांना. तेल न्हायच्या आधी, न्हाल्यावर नाही. घट्ट वेणी मात्र मला पण पटत नाही. कपाळाच्या कडेचे केस मागं सरतात त्यानं, आमच्या शेजारच्या दोघी बहिणींचे तसे गेलेत, रोज ओढून ओढून.

गुरुवारी धुवू नये, शनिवारी धुवू नये हे मी पाळते, पण तू फौंड्रीतनं काळं डोकं घेऊन येतेस, तुला कोण सांगणार. तुला जमेल त्या दिवशी धू.

औषधदुकान_शाहूपुरी

अमेरिकेतल्या व्हिडिओंबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. मी फार्मासिस्ट आहे, आणि दुकानात हल्ली मुली मोबाईल दाखवून हेच विचारतात.

तिकडं रिलॅक्सर म्हणतात तो आणि आपल्याकडचं स्मूदनिंग ही दोन वेगळी केमिकलं आहेत. रिलॅक्सर मुख्यतः कृष्णवर्णीय महिला वापरतात, त्यात सोडियम हायड्रॉक्साईड असतं, म्हणजे कॉस्टिक, किंवा नो-लाय म्हणजे कॉस्टिक नसलेल्या प्रकारात कॅल्शियम हायड्रॉक्साईड आणि ग्वानिडिन कार्बोनेट एकत्र करतात. खूप अल्कली असतं ते. स्मूदनिंगच्या थायोग्लायकोलेटमध्ये गंधकाचे बंध तोडून परत जोडतात तसे इथं जोडले जात नाहीत, कायमचे बदलतात. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची, एका प्रकारचं केमिकल झालेल्या केसावर दुसऱ्या प्रकारचं कधीच घालायचं नाही, केस जागेवर तुटून हातात येतो. ऑनलाईन मागवलेला रिलॅक्सर कोणी घरात लावायचा विचार करत असेल तर करू नका.

आता धुण्याचं. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजी, कृष्णवर्णीयांच्या केसांसाठी आठवड्यातनं एकदा किंवा एक आठवडा सोडून धुवा असं सांगते, प्रत्येक वेळी कंडिशनर लावा आणि तो टोकांना नीट लावा असं सांगते, आणि रिलॅक्सर फक्त नवीन वाढलेल्या केसावर, दोन ते चार महिन्यांच्या अंतरानं, माहितगाराकडनंच करा असं सांगते. हा सल्ला त्या केसांसाठी अगदी बरोबर आहे. ते केस आपल्या कुरळ्या केसांपेक्षा खूपच घट्ट वळणाचे असतात, मुळाशी सुटलेलं तेल फारसं खाली येत नाही, आणि वळणावळणावर केस कमजोर असतो. त्यांच्या रोजच्या सवयींमधनं आपण घेण्यासारखं बरंच आहे, रात्री सॅटिनचा रुमाल बांधून झोपणं, धुताना भाग पाडून धुणं, ओल्यात कंडिशनरसकट विंचरणं. पण पंधरा दिवसांचा आकडा तसाच उचलून फौंड्रीतल्या डोक्याला लावायचा नाही.

तेलाबद्दल काकींनी सांगितलं त्याला आधार आहे. 2003 साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑईल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. त्यात केस धुताना प्रथिनं निघून जाण्याचं प्रमाण कमी करणारं फक्त खोबरेल निघालं, कारण त्यातलं लॉरिक ॲसिड लहान आणि सरळ असल्यामुळं केसाच्या आत शिरतं. संशोधक खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीचेच होते हे सांगायला पाहिजे, पण खोबरेल आत शिरतं ही गोष्ट नंतरच्या लोकांनी पण धरून ठेवली आहे.

मात्र डोक्यात कोंडा असेल तर कातडीला तेल लावू नका. कोंड्यामागं मॅलसेझिया नावाचं यीस्ट असतं आणि ते तेलातल्या फॅटी ॲसिडवरच जगतं. कुरळ्या केसवाल्या मुली कोंडा म्हणजे कोरडेपणा समजतात आणि तेल थापतात, तो वाढतो. कीटोकोनॅझोल दोन टक्क्यांचा शाम्पू आठवड्यातनं दोनदा, दोन ते चार आठवडे, लावून तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, फक्त कातडीवर. त्यानं नाही गेला, किंवा खपल्या, लाली, चट्टे असतील तर त्वचारोगवाल्यांना दाखवा, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात ओपीडी आहे.

शेवटचं केराटिनबद्दल, कारण सोनटक्कांना तो पर्याय दिलाय. कुठलं केराटिन ते बाटली मागून वाचा. काहींमधनं गरम केल्यावर फॉर्मल्डिहाईड सुटतं, डोळे चुरचुरतात ते त्यामुळंच. फॉर्मल्डिहाईड फ्री म्हणून जी येतात त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं, आणि त्यानंतर किडनीला अचानक इजा झाल्याच्या केसेस इस्रायलच्या आणि 2024 साली फ्रान्सच्या डॉक्टरांनी मांडल्या आहेत, ते कातडीतनं आत जातं आणि शरीरात त्याचं ऑक्झलेट तयार होऊन किडनीत साठतं. सगळ्यांना होईल असं नाही. पण डोक्यावर जखम, ओरखडा, खाज असताना तर अजिबात करू नका आणि करून आल्यावर पोटात, पाठीत दुखलं, उलट्या झाल्या तर डॉक्टरांना केराटिन केलंय हे आवर्जून सांगा.

मेल्टिंग_शॉप

ताई मी पण फौंड्रीवालाच, गोकुळ शिरगावला. केसाचं मला काय कळत नाही पण दोन गोष्टी कामाच्या सांगतो.

हेल्मेटच्या आत स्कार्फ बांधता तो सुती असणार. सुती कापड केसातलं तेल पण ओढतं आणि घासतं पण. माझी बायको पण अशाच धुळीत काम करते, ती हॉस्पिटलमध्ये घालतात ती इलॅस्टिकची पातळ डिस्पोजेबल टोपी आधी घालते, सगळे केस आत, कानावरनं ओढून घ्यायची, मग त्यावर हेल्मेट. औषधाच्या दुकानात पाकीट मिळतं, फार किंमत नाही. घरी येईपर्यंत डोक्यात निम्मी पण धूळ नसते. हेल्मेटचा पट्टा मात्र परत नीट घट्ट करून घ्या, टोपीमुळं सैल होतो.

दुसरं म्हणजे बोरचं पाणी किती क्षाराचं आहे ते तुम्हाला फुकटात कळू शकतं. धातू वितळवायच्या इंडक्शन फर्नेसच्या कूलिंगसाठी तुमच्याकडं सॉफ्टनर, म्हणजे पाण्यातले क्षार काढायचं यंत्र, असणारच, त्याच्या पाण्याची हार्डनेस, म्हणजे क्षार किती ते, मेंटेनन्सवाले तपासतात. घरनं एक बाटली घेऊन जा. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात 200 पर्यंत चांगलं आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालेल असं आहे, मिलिग्रॅम लिटरला.

सोनटक्का

सगळ्यांचे मनापासनं आभार, काकी तुमचं तर दोनदा वाचलं.

ओल्या केसाची टेस्ट केली, खालच्या टोकाचा केस लांबत गेला आणि तुटला. वरचा कुरळा परत गोळा झाला. तर स्मूदनिंग आणि केराटिन दोन्ही बंद, पार्लरवालीला तसं सांगितलं. बोरच्या पाण्याची टेस्ट पण केली, 540 आली. मेंटेनन्सचे दादा म्हणाले हे पाणी आपण फर्नेसला कधीच घातलं नसतं, आणि तेच मी डोक्याला घालतेय.

टोपीची पाकिटं आणलीत. पहिल्याच दिवशी मोरीतलं पाणी काळं नाही, नुसतं गढूळ आलं, त्यानंच मन हलकं झालं.

एक राहिलं. आता जून लागला की संध्याकाळी धुतलेले केस सकाळपर्यंत वाळत नाहीत. ओलेच बांधून ॲक्टिव्हावर स्कार्फ गुंडाळून जावं लागतं आणि दुपारी डोक्याला कुबट वास येतो. रात्री ड्रायर मारू का? आणि 540 च्या पाण्याचं काय करू, सॉफ्टनर बसवणं झेपणार नाही.

जाईजुई_कळंबा

पावसाळ्यात शाम्पूचे दोन दिवस असे धर की दुसऱ्या दिवशी सुट्टी तरी असंल न्हाईतर सेकंड शिफ्ट तरी. रोज ओलं करणं बंद. टोपीमुळं आता मधल्या दिवशी डोकं ओलं करायची गरजच कमी पडंल, ओला रुमाल पिळून कपाळाची कड, कानामागं आणि मानेवरची पूड पुसून घे, तेवढं बास.

ओले बांधायचे न्हाईत म्हणजे न्हाईत. वास येतो तो कातडी तासन् तास ओली राहते म्हणून. टीशर्टनं टिपून झालं की फॅनखाली बसून आधी मुळं वाळव, बोटांनी वर उचलून. टोकं थोडी दमट राहिली तर चालतंय.

आरसा_राजारामपुरी

ड्रायर चालेल की, पण गारवर नाहीतर मध्यमवर, आणि नुसता मुळांवर, वीतभर लांब धरून. एका जागी थांबवायचा नाही. गरम हवा टोकांवर नको.

पाण्याला सॉफ्टनर लागत नाही. नळाचं पाणी येतं त्या दिवशी एक कळशी केसांसाठी बाजूला भरून ठेव आणि शेवटचं पाणी, कंडिशनर धुतानाचं, तेवढं त्याचं घे. बोरच्या पाण्यानं आधीचं सगळं केलंस तरी शेवटच्या पाण्यानं फरक पडतो. नळाचं नसेल तेव्हा पावसाचं पत्र्यावरचं पहिलं पाणी सोडून देऊन नंतरचं धर, ते सगळ्यात मऊ. आणि महिन्यातनं एकदा ईडीटीए असलेला शाम्पू, मागच्या यादीत डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए असं लिहिलेलं असतं, तो लावून दोन मिनिटं ठेव, साठलेले क्षार थोडे सुटतात. त्या दिवशी कंडिशनर दुप्पट.

शिवाजीपेठ_काकी

लिंबू पिळू नकोस हो केसावर, हल्ली सगळ्या सांगतात क्षार निघतात म्हणून. तुझी टोकं आधीच नाजूक आहेत. फारच वाटलं तर शेवटच्या तांब्यात ताकाची निवळ घाल चमचाभर आणि परत साध्या पाण्यानं धू.

आणि तेल, पावसाळ्यात रात्रभर ठेवू नकोस, तासभर पुरे. नीट वाळत नाही आणि उशीला वास लागतो.

सोनटक्का

चालेल काकी. जाईजुईताई, मधल्या दिवशी पाणी न घेता रुमालानं पुसायचं हे रात्री करू का कामावरनं आल्या आल्या?

जाईजुई_कळंबा

आल्या आल्या. टोपी काढलीस की लगेच, केस सोडायच्या आधी. सोडल्यावर पुसलंस तर कडेची पूड आत पसरती.